बाल्कनीखाली बसायला मनाई

अमेरिकेच्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. 30 एप्रिल 1991. ब्रॉडवे या गजबजलेल्या रस्त्यापासून चार पावलांवर, लाल विटांच्या एका जुन्या सभागृहात कार्यक्रम होता. ओकच्या लांबलचक बाकांवर दोन हजारांहून जास्त माणसं मावतील एवढं हे सभागृह. पण आत सोडले ते जेमतेम दोनशे श्रोते. बाल्कनीवर चढायला बंदी होती. ती बाल्कनी कोसळेल की काय याचा भरवसा नसल्यामुळे तिच्या खालच्या बाकांवर बसायलाही मनाई होती. मधल्या सुरक्षित पट्ट्यात ही दोनशे माणसं दाटीवाटीने बसली आणि मंचावर सहा जण आले: एक गायिका आणि पाच वादक.

गायिका होती एमिलू हॅरिस, वय 44. तिच्या साथीच्या बँडचं नाव नॅश रॅम्बलर्स. सभागृह होतं राइमन ऑडिटोरियम. 2 मेपर्यंत चाललेल्या या मैफिलींच्या ध्वनिमुद्रणातून 'अ‍ॅट द राइमन' हा अल्बम तयार झाला, जानेवारी 1992 मध्ये बाजारात आला आणि 1993 च्या ग्रॅमी सोहळ्यात कंट्री संगीतातल्या गायक-समूहासाठीचा पुरस्कार त्याने पटकावला. त्यातलं एकही गाणं रेडिओवर गाजलं नाही. पण त्या अल्बममुळे एक पडीक वास्तू पुन्हा साऱ्या देशाच्या कानावर आली. राइमनचं पुढे जे झालं, त्याची गोष्ट सांगताना नॅशव्हिलची माणसं आजही या मैफिलींपाशी थांबतात.

राइमनचा जन्म गाण्यासाठी झालेला नव्हता. टॉमस राइमन हा नॅशव्हिलमधला नावाजलेला बोटमालक. कंबरलँड नदीवर त्याच्या वाफेच्या बोटी चालत. 1885 साली सॅम जोन्स नावाचा एक फिरता धर्मोपदेशक शहरात आला आणि त्याने तंबू ठोकला. कॅप्टन राइमन तिथे गेला तो टवाळी करायला, असं दंतकथा सांगते. परतला तो मात्र पालटून. अशा उपदेशकाला तंबूत बोलावं लागू नये, गावातल्या सगळ्या पंथांच्या लोकांना एका छपराखाली बसता यावं, म्हणून त्याने इमारत बांधायला घेतली. 1892 मध्ये ती पुरी झाली. खर्च आला सुमारे एक लाख डॉलर. तेव्हा तिचं नाव होतं युनियन गॉस्पेल टॅबरनॅकल. डिसेंबर 1904 मध्ये राइमन वारला. नाताळच्याच दिवशी याच इमारतीत झालेल्या त्याच्या अंत्यविधीत सॅम जोन्सने तिला मित्राचं नाव द्यावं असं सुचवलं आणि जमलेल्यांनी ते उचलून धरलं.

ध्वनिवर्धक नसलेल्या काळात एका माणसाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, या एकाच गरजेतून ही वास्तू घडली. लाकडी जमीन, मंचाला कवेत घेणारी वळणदार बाकं आणि 1897 मध्ये त्यावर आलेली तशीच वळणदार बाल्कनी. ही बाल्कनी अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी बांधली गेली. तिचं 'कॉन्फेडरेट गॅलरी' हे नाव त्यातूनच आलं. मुक्त झालेल्या गुलामांच्या पिढीतून उभ्या राहिलेल्या फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सनीही याच सभागृहात गायन केलं. दक्षिणेतल्या वास्तूंचा इतिहास असाच आहे, एकमेकांच्या विरोधातल्या आठवणी एका भिंतीत चिणलेला, आणि राइमनविषयी लिहिताना त्यातली एक गाळून दुसरीच सांगणं योग्य होणार नाही.

बांधकामाचं कर्ज फिटेना, म्हणून प्रार्थनागृह भाड्याने देणं सुरू झालं. हे काम ज्या बाईने खांद्यावर घेतलं तिचं नाव लुला नॅफ. लघुलेखिका म्हणून नोकरी करणारी ही तरुण विधवा 1904 च्या सुमारास कार्यक्रम ठरवण्याच्या कामात शिरली आणि 1920 साली सभागृहाची व्यवस्थापक झाली. पत्रव्यवहारात ती सही करायची 'एल. सी. नॅफ' अशी, समोरच्या पुरुषाला आपण एका बाईशी सौदा करतो आहोत हे कळू नये म्हणून. 1913 मध्ये हेलन केलर आणि तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन इथे आल्या, तो राइमनमधला तिकीटविक्री पूर्ण झालेला पहिला कार्यक्रम मानला जातो. 1919 मध्ये एन्रिको कारुसो इथे गायला. 1939 मध्ये 'टोबॅको रोड' या नाटकावर शहराच्या सेन्सॉर मंडळाने बंदी आणायचं ठरवलं, तेव्हा नॅफबाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 1955 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही इमारत चालती ठेवली. त्यांचं नाव कंट्री संगीताच्या इतिहासात तळटीपेसारखं येतं, ते फार मोठ्या अक्षरांत यायला हवं.

कारण 1943 मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री'ला जागा मिळाली ती त्यांच्याकडे.

ऑप्री म्हणजे रेडिओवरचा शनिवारच्या रात्रीचा जलसा. एका विमा कंपनीने नॅशव्हिलमध्ये डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ केंद्र काढलं आणि 28 नोव्हेंबर 1925 पासून त्यावर डोंगराळ भागातल्या वादकांना बोलवायला सुरुवात केली. शेतावर, खाणीत, गिरणीत राबणाऱ्या गोऱ्या कष्टकऱ्यांची ही गाणी. पण त्यांत बँजो आला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून, फिडलच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडमधून, मँडोलिन इटलीतून. ऑप्रीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक लाडका कलावंत, माउथ ऑर्गन वाजवणारा डीफोर्ड बेली, कृष्णवर्णीय होता; 1941 मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. 1932 पासून डब्ल्यूएसएमचं प्रक्षेपण 50,000 वॅटवर होऊ लागलं आणि रात्रीच्या वेळी ते अर्ध्याहून अधिक अमेरिकेत ऐकू जाऊ लागलं. कार्यक्रम बघायला येणारी गर्दी मात्र कुठल्याच सभागृहाला पेलेना. याआधीच्या वॉर मेमोरियल सभागृहातल्या गाद्यांच्या खुर्च्यांची तिने वाट लावली होती. राइमनच्या ओकच्या बाकांना तो प्रश्न नव्हता.

पुढची 31 वर्षं ऑप्री इथेच झाली. डिसेंबर 1945 मध्ये बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा विशीतला पोरगा तीन बोटांनी बँजो वाजवायला उभा राहिला आणि 'ब्लूग्रास' म्हणून पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या शैलीचा नाद पूर्ण झाला. जून 1949 मध्ये हँक विल्यम्स पहिल्यांदा गायला. ऑक्टोबर 1954 मध्ये एल्विस प्रेस्ली येऊन गेला. ऑप्रीवरची ती त्याची एकमेव हजेरी. 1965 मध्ये नशेत आणि रागात असलेल्या जॉनी कॅशने मंचाच्या कडेचे दिवे माइकच्या दांड्याने फोडले. तोच कॅश चार वर्षांनी याच मंचावरून स्वतःचा दूरचित्रवाणी कार्यक्रम करू लागला.

श्रोत्यांच्या आठवणीत हे सगळं सोनेरी आहे. कलावंतांसाठी ते तसं नव्हतं. वातानुकूलन नाही, धड रंगपट नाही. गायिका कपडे बदलायच्या त्या बायकांच्या स्वच्छतागृहात. पुरुष कलावंत मागच्या दाराने गल्ली ओलांडून टूट्सीज नावाच्या बारमध्ये जाऊन बसायचे. टेनेसीच्या उन्हाळ्यात श्रोते कागदी पंख्यांनी वारा घ्यायचे आणि मंचावर माणसं घामाने निथळायची. ऑप्रीचा सर्वांत वडीलधारा तारा रॉय एकफ ही इमारत पाडावी याच मताचा होता. त्याच्यावर रागावण्याआधी त्याने इथे किती उन्हाळे काढले होते हे आठवायला हवं. जुन्या वास्तूचं प्रेम बाकावर बसणाऱ्याला जितकं सोपं असतं, तितकं तिथे रोज राबणाऱ्याला नसतं.

15 मार्च 1974 च्या रात्री राइमनमधली ऑप्री थांबली. दुसऱ्याच दिवशी शहराबाहेर करमणूक-उद्यानात बांधलेल्या नव्या, वातानुकूलित ऑप्री हाउसचं उद्घाटन झालं. अध्यक्ष रिचर्ड निक्सन तिथे पियानो वाजवून गेले. जुन्या मंचातून ओकच्या लाकडाचं सहा फूट व्यासाचं एक वर्तुळ कापून नव्या मंचाच्या मध्यभागी बसवलं होतं. त्या वर्तुळात उभं राहून गायला मिळावं हे आजही प्रत्येक नवोदित कंट्री गायकाचं स्वप्न असतं.

उरलेल्या राइमनचं काय करायचं? मालकांनी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचा नामांकित नेपथ्यकार जो मीलझिनर याचा सल्ला घेतला. बांधकाम सुमार दर्जाचं आहे, पाडा, असं त्याचं मत पडलं. पाडून निघालेल्या विटांतून नव्या उद्यानात एक छोटं चर्च उभारायचं असा बेत होता. त्यावर देशभर ओरड झाली. 'न्यू यॉर्क टाइम्स'ची वास्तुसमीक्षक एडा लुईझ हक्स्टेबल हिने या बेताची सालटी काढली. 1971 मध्येच राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत राइमनचं नाव चढलेलं होतं. पाडणं लांबलं, पण डागडुजीही झाली नाही. पर्यटक पैसे देऊन आत यायचे, रिकाम्या मंचावर उभे राहायचे, फोटो काढून जायचे. लोरेटा लिनच्या आयुष्यावरच्या 'कोल मायनर्स डॉटर' (1980) या चित्रपटासारखं एखादं चित्रीकरण व्हायचं. बाहेर ब्रॉडवेवर अश्लील चित्रपटांची आणि मासिकांची दुकानं उघडली होती. सतरा वर्षं अशी गेली.

एमिलू हॅरिस या सभागृहाकडे वळली ती काही वास्तू वाचवण्याची मोहीम म्हणून नव्हे. तिच्यासमोरचा प्रश्न गाण्याचा होता.

अलाबामात जन्मलेली एमिलू साठच्या दशकातली लोकसंगीत गाणारी मुलगी. कंट्री संगीत तिने मनापासून ऐकलं ते ग्रॅम पार्सन्समुळे. या तरुण गायकाने 1972 मध्ये तिला आपल्यासोबत गायला नेलं. सप्टेंबर 1973 मध्ये तो वारला तेव्हा तो 26 वर्षांचा होता. त्यानंतर तिने उभा केलेला हॉट बँड पंधरा वर्षं गाजला. एल्विसचे वादक जेम्स बर्टन आणि ग्लेन डी. हार्डिन त्यात होते, रॉडनी क्रॉवेल आणि रिकी स्कॅग्ज त्यातूनच पुढे आले. पण विजेच्या वाद्यांच्या त्या कल्लोळावर रात्रीमागून रात्री गाताना गळा थकू लागला. श्वासनलिकेच्या आजाराने ती बेजार झाली. रेडिओ केंद्रंही आता तरुण, चकचकीत आवाजांच्या मागे लागली होती. 1990 च्या सुमारास तिने मोठा निर्णय घेतला: हॉट बँड थांबवायचा आणि लाकडी, बिनविजेच्या वाद्यांचा नवा बँड बांधायचा.

तिने गोळा केलेली माणसं बघितली की या निर्णयातली बुद्धी कळते. फिडल आणि मँडोलिनवर सॅम बुश. केंटकीचा हा माणूस ज्या न्यू ग्रास रिव्हायव्हल बँडचा प्राण होता, तो बँड 1989 च्या शेवटच्या रात्री विसर्जित झाला आणि बुश मोकळा झाला. डोब्रो आणि बँजोवर टेक्ससचा अ‍ॅल पर्किन्स. त्याने ग्रॅम पार्सन्सच्या दोन्ही अल्बमवर वाजवलेलं, म्हणजे एमिलूच्या सर्वांत जुन्या सुरांचा तो साक्षीदार. ड्रमवर लॅरी अटामानुइक. गिटार आणि उंच पट्टीतल्या साथीच्या गायनाला विशीतला जॉन रँडल. आणि उभ्या डबल बासवर रॉय हस्की धाकटा. याचा बाप, ज्युनियर हस्की, ऑप्रीच्या काळात नॅशव्हिलमधला सगळ्यांत विश्वासाचा बासवादक. ज्या मंचावर बापाने बास उभा केला, त्याच मंचावर 1991 मध्ये मुलगा बास घेऊन आला.

यातल्या डोब्रोचा सूर मराठी कानाला अनोळखी नाही. मांडीवर आडवी ठेवायची किंवा गळ्यात तशीच आडवी अडकवायची ही गिटार; तारांवर बोटं दाबायची नाहीत, धातूची कांडी सरकवायची, आणि पोटातल्या धातूच्या चकतीतून आवाज मोठा होऊन निघतो. कांडी सरकवण्याची ही रीत हवाई बेटांवरची. तिथून ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली तशीच भारतातही आली. हवाईचा वादक टाउ मो चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहून शिकवत होता. मुंबईत व्हॅन शिपलेंसारख्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी हवाईयन गिटारवर वाजवून रेकॉर्डी काढल्या. एके काळी रेडिओवर आणि लग्नाच्या मांडवात ऐकू येणारी ती लांबणारी मींड आणि अ‍ॅल पर्किन्सची मींड एकाच घराण्यातली आहे.

राइमनमधल्या मैफिलींसाठी एमिलूने एक अट स्वतःलाच घातली: आपण आधी कधीही ध्वनिमुद्रित न केलेलीच गाणी गायची. यादीत हँक विल्यम्समुळे गाजलेलं गाणं आहे, जॉनी कॅशने गायलेलं आहे, 1854 मधलं स्टीफन फॉस्टरचं आहे. स्टीव्ह अर्ल, ब्रूस स्प्रिंगस्टीन, नॅन्सी ग्रिफिथ यांचीही आहेत. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या तीन रचना आहेत, आणि साक्षात मन्रो, वयाच्या 79 व्या वर्षी, मंचावर आला आणि एमिलूसोबत नाचला. ज्या सभागृहात 1945 मध्ये ब्लूग्रासचा नाद पुरा झाला होता, तिथेच.

अल्बम ऐकताना सर्वांत आधी जाणवतो तो दोन वाद्यांमधला मोकळा अवकाश. हस्कीचा बास मऊ आहे, पण प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. सॅम बुशचं मँडोलिन तालावर टाळी द्यावी तसं पडतं. एका गाण्यात तर वाद्यं पूर्ण थांबतात आणि नुसते गळे उरतात. एमिलूचा आवाज मध्ये, पुरुषांचे तीन सूर त्याच्या अवतीभवती. तिथे सभागृहच त्यांना साथ करतं. पाडण्याच्या शिफारशीत तडे, कुजलेलं लाकूड, सदोष बांधकाम यांचा हिशेब होता. हा आवाज त्या हिशेबात धरलेला नव्हता, आणि तो धरायचा तर कुणीतरी आत जाऊन गायला हवं होतं. एमिलूने तेच केलं. सात-आठ फुटी ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करणारा बँड इथे आला असता तर हा पुरावा मिळालाच नसता. बिनविजेचा बँड आणि ध्वनिवर्धकाआधीच्या काळातली वास्तू यांची गाठ पडली, म्हणून तो मिळाला.

सगळं श्रेय या मैफिलींना देणं मात्र बरोबर नाही. 1983 पासून इमारतीची मालकी असलेल्या गेलॉर्ड कंपनीने 1989 मध्येच छत आणि बाहेरच्या भागाची दुरुस्ती हाती घेतली होती. पण भिंती उभ्या ठेवणं वेगळं आणि सभागृह पुन्हा चालवायचं ठरवणं वेगळं. तो निर्णय अल्बम आणि त्याच वेळी चित्रित झालेला दूरचित्रवाणी कार्यक्रम लोकांपर्यंत पोचल्यानंतर झाला. सुमारे 85 लाख डॉलर खर्च करून नूतनीकरण झालं. बाल्कनी मजबूत झाली, पहिल्यांदाच वातानुकूलन आलं, कलावंतांना खरे रंगपट मिळाले. ओकची जुनी बाकं तशीच ठेवली. गादीच्या खुर्च्या न बसवण्याचा हा निर्णय नूतनीकरणातला सर्वांत शहाणपणाचा होता.

जून 1994 मध्ये राइमन पुन्हा उघडलं. पहिल्या कार्यक्रमांत गॅरिसन किलरचा 'अ प्रेअरी होम कम्पॅनियन' हा रेडिओ कार्यक्रम इथून प्रसारित झाला, आणि ते यथायोग्यच होतं. 1974 मध्ये राइमनमधल्या शेवटच्या ऑप्रीचं वार्तांकन 'न्यू यॉर्कर'साठी करायला किलर नॅशव्हिलला आला होता आणि ते बघूनच त्याला असा कार्यक्रम आपण काढावा हे सुचलं होतं. 1999 पासून हिवाळ्यात ऑप्रीही काही आठवड्यांसाठी राइमनमध्ये परतू लागली. 2001 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. 2012 मध्ये मंचाच्या झिजलेल्या फळ्या बदलल्या, तेव्हा पुढच्या कडेची सुमारे दीड फुटाची जुनी पट्टी मुद्दाम राखली. आज 2,362 आसनांचं हे सभागृह कंट्रीपासून रॉकपर्यंत सगळ्या कलावंतांनी भरलेलं असतं, आणि ब्रॉडवेवर दुपारपासून बँड वाजत असतात. त्या रस्त्यावर आता इतकी गर्दी आणि गोंगाट असतो की जुने नॅशव्हिलकर तिथे जायला नाखूश असतात, ही तक्रारही खरी आहे.

या परिसराशी मुंबईचं नातं जुळलं ते थोड्या वेगळ्या वाटेने. सॅम बुशच्या न्यू ग्रास रिव्हायव्हलमध्ये बेला फ्लेक नावाचा बँजोवादक होता. राइमनपासून थोड्याच अंतरावर 2006 मध्ये नॅशव्हिल सिम्फनीचं नवं शर्मरहॉर्न सभागृह उघडलं, तेव्हा बँजो, डबल बास आणि तबला यांच्यासाठी एक नवी रचना तिथे सादर झाली. वाजवणारे होते फ्लेक, एडगर मायर आणि माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन. याच तिघांनी बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबत केलेल्या 'अ‍ॅज वी स्पीक' या अल्बमला आणि त्यातल्या एका रचनेला मिळून 2024 मध्ये दोन ग्रॅमी मिळाल्या. ब्लूग्रासचा बँजो आणि मुंबईचा तबला एका बैठकीत सहज बसतात, कारण दोन्हीकडे वादकाने समोरच्याचं ऐकत जागच्या जागी उत्तर द्यायचं असतं.

नॅश रॅम्बलर्स फार वर्षं टिकले नाहीत. 1995 मध्ये एमिलूने 'रेकिंग बॉल' हा पूर्णपणे वेगळ्या नादाचा अल्बम काढला आणि ती पुढे गेली. रॉय हस्की 1997 मध्ये, केवळ चाळिशीत, वारला. उरलेले सगळे मे 2017 मध्ये राइमनच्या मंचावर पुन्हा जमले, तेव्हा इमारतीला 125 वर्षं झाली होती आणि बाल्कनी श्रोत्यांनी भरली होती.

मग 2021 मध्ये या बँडचं आणखी एक ध्वनिमुद्रण हाती लागलं. राइमनच्या सात महिने आधी, 28 सप्टेंबर 1990 रोजी, नॅशव्हिलमधल्याच एका आधुनिक नाट्यगृहात त्यांनी केलेला कार्यक्रम मुद्रित होऊन पडून राहिला होता. रेकॉर्ड कंपनीच्या साठ्यात फिती सापडल्या आणि 'रँबल इन म्युझिक सिटी' या नावाने तो प्रसिद्ध झाला. 23 गाणी, आणि त्यातलं एकही राइमनच्या अल्बममध्ये नाही; बहुतेक तिची जुनी, गाजलेली. ते ऐकल्यावर कळतं की 1991 च्या वसंतात या सहा जणांनी हातखंडा गाणी घरी ठेवली होती आणि त्या दोनशे श्रोत्यांसमोर सबंध नवा कार्यक्रम घेऊन ते उभे राहिले होते.